जुने सॉफ्टवेअर खुशाल चालवा, पण त्याची एक्स्पायरी बघा

प्रति,
वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील लघु व मध्यम उद्योजक

सप्रेम नमस्कार.

दसऱ्याला लेथला आणि प्रेसला हार घातल्यावर ऑफिसातल्या ज्या संगणकालाही झेंडूची माळ चढते, त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल हे पत्र आहे. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, वागळे, कोलशेत या भागांतल्या कितीतरी कारखान्यांची बिले, जॉबवर्कची चलने आणि गेटपास आजही पीएचपी ५, क्लासिक एएसपी, वेब फॉर्म्स किंवा जेक्वेरी या वेब प्रोग्राम लिहिण्याच्या जुन्या साधनांवर बांधलेल्या प्रणालींतून निघतात. महाप्याला शेजारच्या प्लॉटवर डेटा सेंटर उभे असते आणि इकडे गाळ्यात टेबलाखाली जुना सर्व्हर घरघरत असतो. नवीन सॉफ्टवेअर विकायला आलेला तरुण ते पाहून म्हणतो, "सर, हे सगळं आउटडेटेड आहे. पूर्ण नव्याने करून देतो." तुम्ही त्याला चहा पाजता आणि वाटेला लावता.

त्याला वाटेला लावण्यात तुम्ही बहुतेकदा बरोबर असता. घोळ त्यानंतर होतो. त्याच्याबरोबर देखभालीचा विषयही दाराबाहेर जातो आणि पुढची पाच वर्षे सर्व्हरला कोणी हात लावत नाही. आम्ही अशा प्रणाली सांभाळणारी माणसे आहोत. आमचे पोट देखभालीवर चालते हे आधीच सांगून टाकतो, त्या हिशेबाने पुढचे वाचावे.

जुने का टिकते, ते आधी नीट समजून घेऊ, कारण "मालक खर्च करत नाही" हे त्याचे सगळ्यात उथळ उत्तर आहे. दहा-पंधरा वर्षे चाललेल्या बिलिंगच्या कोडमध्ये तुमच्या धंद्याची नियमावली मुरलेली असते. अमुक पार्टीला भाडे टनावर लागते, तमुकला ट्रिपवर. स्क्रॅप परत आला तर तो मालाच्या बिलातून वजा करायचा नाही, त्याचे वेगळे बिल करायचे. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली माल तीन वर्षांत परत यायला हवा, म्हणून अकराव्या महिन्यात चलन लाल दिसायला लागते. हे कुठल्याही फायलीत लिहिलेले नसते. ज्या अकाउंटंटने ते सांगितले तो निवृत्त झालेला असतो आणि ज्या प्रोग्रामरने लिहिले तो परदेशात असतो. नवी कंपनी "रिक्वायरमेंट सांगा" म्हणते तेव्हा तुमचा माणूस आठवेल तेवढे सांगतो. उरलेले नियम नव्या प्रणालीतून गळतात आणि मार्चअखेरीला बाहेर येतात.

गळणाऱ्या गोष्टी किती बारीक असतात याचा एक नमुना. पीएचपीमध्ये १.००५ ही रक्कम दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित केली तर १.०१ मिळते. तीच रक्कम ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या टूफिक्स्ड फंक्शनला दिली तर १.०० मिळते, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत १.००५ नेमके साठवताच येत नाही, किंचित कमी साठते. पीएचपीचे राउंड फंक्शन ती तूट सावरून घेते, टूफिक्स्ड घेत नाही. जुने सॉफ्टवेअर सर्व्हरवर हिशेब करत होते, नवे ब्राउझरमध्ये करते. मग एका ओळीत एक पैशाचा फरक, चाळीस ओळींच्या बिलात कधी दहा पैशांचा. जुन्याने पूर्णांकन दर ओळीला केलेले असेल आणि नव्याने बेरजेवर, तर आणखी निराळा. पार्टीचे लेजर जुळत नाही आणि दोन्हीकडचे अकाउंटंट फोनवर भांडत बसतात. पैसे दोन्हीकडे पूर्णांकात, म्हणजे रुपयांऐवजी पैशांत मोजले की हा फरक जातो, पण हे करायचे आहे हे कोणाला तरी माहीत असावे लागते.

दुसरे कारण भोवतालच्या यंत्रांचे. वजनकाट्याची सिरियल केबल, छापील स्टेशनरीवर तीन प्रतींत ठोकणारा डॉट मॅट्रिक्स, टॅलीला ९००० क्रमांकाच्या पोर्टवर एक्सएमएल पाठवणारा छोटा प्रोग्राम, हे सगळे त्या जुन्या पानाशी जुळवलेले असते. डिस्पॅचचा माणूस माऊसला हात न लावता टॅब आणि एंटरवर मिनिटाला एक चलन काढतो. नव्या चकचकीत स्क्रीनवर त्याच कामाला तीन क्लिक आणि एक गोल फिरणारे चक्र लागते. गेटवर सहा ट्रक उभे असताना त्या चक्राकडे पाहत बसायला कोण तयार होईल?

तिसरे कारण आमच्याच व्यवसायाने दिले आहे. जेक्वेरी २००६ ची. ती जुनी झाली म्हणून ज्यांनी २०१३-१४ च्या सुमारास घाईने सगळे अँग्युलरजेएस या तेव्हाच्या नव्या साधनावर नेले, त्यांच्यापुढे सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आले, आणि ते पहिल्याशी जुळणारे नव्हते. अँग्युलरजेएसचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. म्हणजे त्यांनी दोनदा लिहिले. जे जेक्वेरीवर राहिले त्यांना एप्रिल २०२० मधली ३.५ ही आवृत्ती घ्यायची होती, कारण आधीच्या आवृत्त्यांत एचटीएमएलमधून स्क्रिप्ट घुसण्याची वाट होती. ते काम बहुतेक ठिकाणी जुना कोड चालू ठेवणारे मायग्रेट प्लगइन जोडून काही दिवसांत होते. मायक्रोसॉफ्टकडेही हाच विनोद आहे. वेब फॉर्म्स ज्यावर चालतात ते २०१९ चे डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ विंडोजचा भाग असल्यामुळे विंडोजबरोबर जगते. २०२१ मध्ये आलेल्या डॉटनेट ६ ची मुदत मात्र १२ नोव्हेंबर २०२४ ला संपली. नवे घेतले म्हणून जास्त टिकेल असा काही नियम नाही.

इथवर आम्ही तुमच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

"पीएचपी जुनी आहे" आणि "आमची पीएचपी ५.६ आहे" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्याने काही बिघडत नाही. दुसरे म्हणजे एक्स्पायरी उलटलेले औषध आहे: ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ ला थांबली. ७.४ ची २८ नोव्हेंबर २०२२ ला. ८.३ ला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे, ८.४ ला ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. डेटाबेस सांभाळणारे मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ दोन्ही १० ऑक्टोबर २०२३ ला, एसक्यूएल सर्व्हर २०१४ हे ९ जुलै २०२४ ला. या तारखांनंतर सापडलेले भोक सगळ्या जगाला कळते, आणि तुमच्याकडे ते बुजवायला कोणी येत नाही. काही लिनक्स वितरक जुन्या आवृत्त्यांना स्वतःच्या दुरुस्त्या पुरवतात. तसा करार असेल तर उत्तम, पण तो कागदावर दाखवता यायला हवा.

हल्लेखोर राहू द्या, रोजचे कामसुद्धा या तारखांवर अडते. आणि गंमत अशी की सॉफ्टवेअरमध्ये कोणी काही बदललेले नसते. "काल चालत होतं, आज बंद पडलं" या तक्रारीमागे बहुधा बाहेरचे जग बदललेले असते. पेमेंट गेटवे आणि एसएमएसवाले किमान टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) असल्याखेरीज बोलत नाहीत. ही पद्धत पुरवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रामची १.०.१ च्या आधीची आवृत्ती असलेल्या सर्व्हरला ते येतच नाही. डॉटनेट ४.५ ला येते पण स्पष्ट सांगितल्याशिवाय वापरत नाही, तिथे एका ओळीचा किंवा रजिस्ट्रीतल्या एका नोंदीचा बदल पुरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० ने कुकींचा, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखचिठ्ठ्यांचा, नियम कडक केला. तेव्हापासून ग्राहक बँकेच्या पानावरून पैसे भरून परत आला की काही जुन्या साइट त्याला पुन्हा लॉगिन करायला लावतात, कारण बँक पोस्ट पद्धतीने परत पाठवते आणि त्या फेरीत जुनी सेशन कुकी ब्राउझर सोबत देत नाही. पैसे कापले जातात, ऑर्डर "पेंडिंग" राहते. उपाय: त्या कुकीला सेमसाइट नन आणि सिक्युअर हे दोन्ही शिक्के लावणे. पीएचपी ७.३ पासून त्यासाठी साधी सेटिंग आहे, त्याआधी हेडर हाताने लिहावे लागते.

वजनकाट्याचे पान फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालते, अशी तक्रार तर घरोघरी. एक्स्प्लोररची ११ वी, शेवटची आवृत्ती जून २०२२ मध्ये निवृत्त झाली. एज ब्राउझरमध्ये एक्स्प्लोररसारखा वागणारा आयई मोड आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत राहील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. पण त्या मोडमध्ये पान हाताने जोडले तर नोंद ३० दिवसांनी आपोआप पुसली जाते. "दर महिन्याला काटा बंद पडतो" याचे कारण काट्यात शोधू नका. एंटरप्राइज साइट लिस्ट नावाची एक्सएमएल फाइल करून ती पॉलिसीने लावली की ही कटकट थांबते. कायमचा उपाय हवा तर सिरियल पोर्ट वाचणारा छोटा प्रोग्राम काट्याच्या संगणकावर बसवा आणि पानाने आकडा त्याच्याकडून घ्यावा. क्रोममध्ये ८९ व्या आवृत्तीपासून ब्राउझरला सिरियल पोर्ट थेट वाचताही येतो, मात्र पान एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर असले पाहिजे.

जीएसटीने मात्र जुन्या कोडची खरी परीक्षा घेतली. ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे, १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींपुढच्या उलाढालीला लागू झाले आणि उंबरठा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आला. त्यासाठी लागणारी जेसन नावाची मजकूर फाइल बनवणे पीएचपी ५.२ लाही येते, त्यामुळे जुन्या प्रणालीही निभावल्या. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा ज्यांच्या कोडमध्ये १२ आणि २८ हे आकडे ठिकठिकाणी हाताने लिहिलेले होते ते अडकले. त्याहून वाईट दोष असा की दर बिलाच्या ओळीत न साठवता आयटम मास्टरमधून, म्हणजे मालाच्या मूळ यादीतून, दर वेळी उचलला जातो. मास्टरमध्ये १८ केले की ऑगस्टचे जुने बिल पुन्हा छापताना तेही १८ ने निघते. दराचा वेगळा तक्ता हवा, त्यात "लागू दिनांक" हवा, आणि बिल बनले की त्या दिवशीचा दर ओळीत गोठवायला हवा. ही तीन-चार दिवसांची दुरुस्ती आहे. यासाठी नवी प्रणाली विकत घ्यायला सांगणाऱ्याला आणखी एक चहा पाजा आणि जाऊ द्या.

आता प्रत्यक्ष काम. पीएचपी ५.६ वरून ८ च्या चालू आवृत्तीवर जाणे हे आपल्याकडचे सगळ्यात सामान्य प्रकरण, म्हणून तेच घेतो. आधी चालू सर्व्हरवरचा कोड उचलून गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवा. व्हेंडरकडची प्रत विश्वासाची नाही, कारण गेली कित्येक वर्षे घाईच्या दुरुस्त्या थेट सर्व्हरवर झालेल्या असतात. मग दुसऱ्या संगणकावर हुबेहूब प्रत उभी करा आणि तिच्यावरचे ईमेल व एसएमएस बंद करा, नाहीतर पार्ट्यांना चाचणीची बिले जातील. कोड तपासणाऱ्या कोडस्निफरचा पीएचपी कंपॅटिबिलिटी हा नियमसंच चालवला की कुठे काय मोडेल त्याची यादी मिळते. रेक्टर नावाचे साधन यांत्रिक बदल स्वतः करून देते. थेट उडी मारू नका. ५.६ वरून ७.४, तिथे एररलॉग शांत झाला की ८.

मोडते काय? मायएसक्यूएल कनेक्ट, मायएसक्यूएल क्वेरी या जुन्या घराण्याची सगळी फंक्शने ७.० मध्ये काढून टाकली. काही जण त्याच नावांची फंक्शने स्वतः लिहून आत त्यांची जागा घेणारे मायएसक्यूएलआय वापरतात. गाडी चालू होते, पण क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, नाव चिकटवण्याची जुनी सवय तशीच राहते, आणि वसई-ठाण्याचे डि'सोझा ग्राहक झाले की त्यांच्या नावातल्या चिन्हाने क्वेरी तुटते. जी क्वेरी डि'सोझांनी तुटते तीच हल्लेखोराचे दारही असते. ते दार नाव आज्ञेपासून वेगळे पाठवणाऱ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटनेच बंद होते. एमक्रिप्ट ७.२ मध्ये गेले, म्हणजे त्याने कुलूपबंद केलेला मजकूर आधी उलगडून घ्यायला हवा. ८.० मध्ये शून्य आणि रिकामी चौकट यांची तुलना बदलली. आधी "डिस्काउंट शून्य आहे का" या प्रश्नाला रिकामी चौकटही "हो" म्हणायची, आता "नाही" म्हणते. एरर येत नाही, बिल फक्त दुसऱ्या वाटेने जाते. या जातीच्या चुका कुठलेही साधन पूर्ण पकडत नाही.

आणखी एक, कारण ती फार जणांना चावली आहे: जुनी पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल तशीच उचलून नव्या सर्व्हरवर ठेवू नका. तिच्यात सिरियलाइज प्रिसिजन (आकडा किती अंकांत लिहायचा) १७ असते. ७.१ पासून जेसन बनवताना तीच सेटिंग वापरली जाते आणि ११८.१ चे ११८.०९९९९९९९९९९९९९ होऊन ई-इन्व्हॉइसमध्ये जाते. ती उणे १ करा.

डेटाबेसकडे स्वतंत्र पाहावे लागते. टेबले मायआयसॅम या साठवणीच्या जुन्या पद्धतीत असतील तर एमएसईबीची वीज गेली आणि यूपीएस दमला की "टेबल क्रॅश्ड" येते, इनोडीबीवर आणा. मायएसक्यूएल ५.७ पासून ००००-००-०० ही तारीख स्वीकारली जात नाही, आणि जुन्या पेरोलमध्ये नोकरी सोडल्याची तारीख नेमकी तीच असते. मायएसक्यूएल ८.० मध्ये रँक आणि ग्रुप्स हे राखीव शब्द झाले, त्या नावांचे रकाने असतील तर क्वेऱ्या तुटतात. कामगारांची नावे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठवली असतील तर युनिकोड करताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागा बदलतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते. कीर्ती, मिलिंद, ज्योत्स्ना आणि कऱ्हाडकर ही चार नावे नीट आली की बाकीची बहुतेक येतात.

शेवटी ताळा. मागच्या आर्थिक वर्षातली एप्रिल ते मार्चची सगळी बिले जुन्या आणि नव्या प्रतीत पुन्हा हिशेबाला लावा आणि करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी, राउंड-ऑफ हे पाच रकाने पैशापर्यंत जुळवा. स्क्रीन उघडतात का हे बघून "टेस्टिंग झालं" म्हणणाऱ्याला बिल देऊ नका. प्रत्यक्ष बदलाची तारीख जपून निवडा. रिटर्नच्या गडबडीत नको आणि मार्चमध्ये तर मुळीच नको. जुना सर्व्हर लगेच भंगारात काढू नका, एक महिनाअखेर पार पडेपर्यंत जागेवर ठेवा.

नव्यानेच लिहायला हवे अशीही प्रकरणे असतात. ब्राउझरमध्ये चालणारे फ्लॅश २०२० अखेरीस गेले, सिल्व्हरलाइट १२ ऑक्टोबर २०२१ ला. त्यावर काही उभे असेल तर वाचवण्यासारखे काही नाही. सोर्स कोड हरवला आहे आणि हाती फक्त डीएलएल (यंत्रासाठी तयार झालेली फाइल) आहे, तिथेही नाइलाज. क्लासिक एएसपी अजून आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर चालते, पण ज्या भाषेत ते बहुधा लिहिलेले असते ती व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून हळूहळू काढण्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हा नवे पान त्यात लिहू नका. अशा वेळीही सगळे एकदम पाडायचे नसते. पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी बसवा. तो गेटपासचे पान नव्याकडे आणि बाकी सगळे जुन्याकडे पाठवेल. गेटपास महिनाभर नीट चालले की चलन. बिलिंगला सगळ्यात शेवटी हात लावा.

कायद्याचे दोन आकडेही लक्षात असू द्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आहेत. टेबलाखालच्या सर्व्हरचा लॉग बहुधा आठवड्यात स्वतःवरच लिहिला जातो. रोटेशनची सेटिंग आजच पाहता येईल.

एप्रिलमध्ये देखभालीचा वार्षिक करार नव्याने कराल तेव्हा त्यात एवढे मागा. कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती चालू आहे आणि तिची मुदत कधी संपते, याचा एक पानी तक्ता दर सहा महिन्यांनी. सोर्स कोड आणि पासवर्ड तुमच्या नावाच्या खात्यात. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पुढच्या आवृत्तीवर नेण्याचे काम करारातच, वेगळे कोटेशन न देता. आणि दर तिमाहीला बॅकअप दुसऱ्या संगणकावर चढवून, कालच्या तारखेचे एक बिल छापून दाखवणे. डिस्कवर फाइल दिसते म्हणजे बॅकअप आहे असे कोणी म्हणाले तर तुमच्यासमोर ते बिल छापायला सांगा. ती डिस्क दिवसभर सर्व्हरलाच लावलेली असेल तर ती काढून कपाटात ठेवायलाही सांगा, कारण रॅन्समवेअर सर्व्हरबरोबर तिलाही कुलूप घालते.

कळावे,
ठाणे-नवी मुंबईत जुन्या वेब प्रणाली सांभाळणारे काही जण